सैन्यातला भाऊ ऑनलाइन जुगारात अडकलाय, तिसऱ्यांदा कर्ज फेडून द्यावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भाऊ सैन्यात आहे, मोबाईलवर सट्टा खेळतो, घरच्यांनी त्याचं कर्ज दोनदा फेडलं, आता तो तिसऱ्यांदा पैसे मागतोय. द्यावेत का, आणि वरिष्ठांना कळलं तर नोकरीवर बेतेल का?

त्याच्या हातात पैसे देऊ नका. कर्ज फिटलं की डोक्यावरचा ताण उतरतो, पण खोड तशीच राहते आणि नवी उधारी काढायला वाट मोकळी होते. मदत करायचीच असेल तर आधी यादी मागा: कोणाचं, किती, व्याज काय दराने, हप्ता कधी. पहिली यादी बहुतेक वेळा अपुरी असते. पलटणीतल्या सोबत्यांकडून उसने घेतलेले तिच्यात हमखास गाळलेले असतात. म्हणून सहा महिन्यांचा बँकेचा उतारा सोबत घेऊन बसा आणि यादी त्याच्याशी ताडून बघा. द्याल ते ज्याचं देणं आहे त्याच्याच खात्यात भरा.

हे व्यसन आहे की नुसती हौस, हे तीन प्रश्नांतून बऱ्यापैकी कळतं. गेल्या 12 महिन्यांत खेळ कमी करायला गेल्यावर बेचैनी, चिडचिड झाली का? किती खेळतो हे घरच्यांपासून किंवा मित्रांपासून लपवलं का? रोजच्या खर्चासाठी दुसऱ्यापुढे हात पसरावा लागला का? एकाचंही उत्तर ‘हो’ आलं तर डॉक्टरांची तपासणी हवी. 2013 सालच्या डीएसएम-5 मध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकी संदर्भग्रंथात, जुगाराचा विकार दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनांच्याच प्रकरणात घातला आहे: 9 लक्षणांपैकी वर्षभरात 4 दिसली तर निदान, 8-9 म्हणजे तीव्र.

सैन्यात हे लवकर उघड होत नाही. दारूचा वास येतो. जुगाराला वास नाही, रक्तचाचणी नाही. दुर्गम ठाण्यावर महिनोन् महिने खर्च नसतो, मग साचलेला पगार आणि सुट्टी एकदमच हाती येतात. आणि माझ्या मते खरी गोम पुढे आहे. माघार घ्यायची नाही हे ज्याच्या हाडीमाशी भिनवलंय, त्याला हरलेल्या पैशांवर पाणी सोडणं म्हणजे पळ काढणं वाटतं. म्हणून तो ‘मागचं वसूल’ करायला बसतो. त्याला हिशेब कागदावर मांडून दाखवा. एखादा खेळ लावलेल्या 100 पैकी सरासरी 95 परत देत असेल आणि आलेले सगळे पैसे तो पुन्हा लावत गेला, तर 50 डावांनंतर 100 चे सरासरी 8 सुद्धा उरत नाहीत. 95 टक्के हा आकडा ऐकायला किती उदार वाटतो!

उपचारात सर्वांत भरवशाची म्हणजे सीबीटी, विचार-वर्तन उपचारपद्धती. तिच्यात खेळाची वही ठेवायला लावतात: वेळ, जागा, मनःस्थिती, किती लावले. रात्रपाळीनंतर, पगाराच्या दिवशी, भांडण झाल्यावर अशा खेळाकडे ओढणाऱ्या ठरावीक वेळा दोन-तीन आठवड्यांत दिसू लागतात. उपचारासोबत पैशाची वाटही अडवायची: ॲप काढून टाकणं पुरत नाही, ते दोन मिनिटांत परत येतं. बँकेत जुगाराचे व्यवहार रोखायची सोय असेल तर ती लावा, रोजची काढायची मर्यादा कमी करा, पगाराचा मोठा भाग विश्वासातल्या माणसाच्या सहीशिवाय हलणार नाही अशा खात्यात वळवा. नॅलट्रेक्झोन हे औषध काहींना उपयोगी पडतं, पण जखमेसाठी अफूजन्य वेदनाशामक चालू असेल तर ते चालत नाही, आणि यकृताची तपासणीही बघावी लागते. उलट पार्किन्सन किंवा पायांच्या बेचैनीवरची प्रामिपेक्सोलसारखी औषधं जुगाराची ओढ निर्माण करू शकतात, म्हणून चालू औषधांची यादी डॉक्टरांना दाखवाच.

नोकरीचं म्हणाल तर नियम प्रत्येक सैन्याचे वेगळे. लष्करी डॉक्टरांकडची गोपनीयता बहुधा पूर्ण नसते. त्याने बोलण्याआधीच विचारावं, काय नोंदवलं जाईल आणि कोणाला कळवलं जाईल. तरी लपवलेलं कर्ज पकडलं जाण्यापेक्षा स्वतः सांगितलेलं कर्ज बरं. गुप्त माहिती हाताळणारा कर्जबाजारी माणूस लाचेला बळी पडेल, ही वरिष्ठांची खरी भीती असते.

आता प्रतिबंधाचं. अमेरिकी सैन्याच्या परदेशी तळांवर खुद्द संरक्षण खात्याचीच 3,000 हून अधिक स्लॉट यंत्रं (पैसे टाकून खेळायची जुगाराची यंत्रं) होती, हे तिथल्या सरकारी लेखापरीक्षण संस्थेने 2017 मध्ये नोंदवलं. जवानांची जुगारासाठी नियमित तपासणी मात्र होत नव्हती. पुढे तिथल्या कायद्यानेच वार्षिक आरोग्य तपासणीत हे प्रश्न घालायला लावले. तुकडीच्या प्रमुखाने पगाराच्या आधी आणि तैनातीवरून परतताना हे बोलावं, पण सगळ्यांसमोर एकाचं नाव घेऊन नव्हे. तसं केलं की बाकीचे आणखी खोल दडतात.

एक गोष्ट आजच करा. या व्यसनात आत्महत्येचा धोका मोठा असतो आणि त्याच्या हाताशी शस्त्र आहे. मोठी रक्कम हरल्यावर किंवा गुपित फुटल्यावरचे दिवस सर्वांत धोक्याचे. ‘जीव द्यावासा वाटतो का’ असं स्पष्ट विचारा. विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही. उत्तर ‘हो’ आलं किंवा तो टाळाटाळ करू लागला, तर त्याला एकटं सोडू नका, लगेच डॉक्टरांना गाठा आणि त्याच दिवशी वरिष्ठांना सांगून शस्त्र बाजूला करवा. नोकरीचा विचार त्यानंतर.