जेनेट रँकिन यांनी दोन्ही महायुद्धांच्या विरोधात मत दिले, ते केवळ भावनेच्या भरात होते का?

आपला प्रश्न अमेरिकी काँग्रेसवर निवडून आलेल्या पहिल्या स्त्रीविषयी आहे. मला ते मत भावनेच्या भरातले वाटत नाही, कारण त्यामागे अनेक वर्षांचे सार्वजनिक काम होते.

रँकिन यांचा जन्म 1880 मध्ये मोंटानातील मिसूलाजवळ झाला. जीवशास्त्राची पदवी घेतल्यावर त्या न्यूयॉर्कमध्ये समाजकार्य शिकल्या आणि पुढे स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीत पूर्णवेळ उतरल्या. मोंटानात 1914 मध्ये स्त्रियांना मताधिकार मिळाला. त्या लढ्यात गावोगावी जोडलेली माणसेच 1916 च्या निवडणुकीत त्यांच्या कामी आली. तेव्हा मोंटानाचे दोन्ही प्रतिनिधी संपूर्ण राज्यातून निवडले जात, हेही त्यांच्या पथ्यावर पडले. देशभरातील स्त्रियांना मताधिकार मिळायला मात्र 1920 साल उजाडावे लागले.

2 एप्रिल 1917 रोजी त्यांनी शपथ घेतली आणि चारच दिवसांत युद्धाचा ठराव मतदानाला आला. विरोध केल्यास मताधिकाराच्या चळवळीचे नुकसान होईल, असे सहकारी आणि खुद्द त्यांचे बंधू वेलिंग्टन त्यांना बजावत होते. पहिल्यांदा नाव पुकारले गेले तेव्हा त्या गप्प राहिल्या. दुसऱ्यांदा पुकारल्यावर, मतदानाच्या वेळी भाष्य न करण्याचा संकेत मोडून त्या उठल्या आणि म्हणाल्या, “मला देशाच्या पाठीशी उभे राहायचे आहे, पण युद्धाच्या बाजूने मी मत देऊ शकत नाही.” विरोधात एकूण 50 मते पडली, तरी टीकेचा रोख मुख्यतः त्यांच्यावरच राहिला आणि त्या रडल्याच्या बातम्या झळकल्या. हा अन्याय मला आजही खटकतो.

त्याच वर्षी जूनमध्ये मोंटानातील ब्यूट येथील तांब्याच्या खाणीला आग लागून 168 कामगार दगावले. त्यानंतरच्या संपात रँकिन कामगारांच्या बाजूने उभ्या राहिल्या आणि राज्यावर पकड असलेल्या खाण कंपनीचा रोष त्यांनी ओढवून घेतला. पुढे राज्याचे दोन मतदारसंघ पाडले गेले. त्यांच्या वाट्याला आलेल्या मतदारसंघात डेमोक्रॅटिक पक्षाचे पारडे जड असल्याने रिपब्लिकन रँकिन यांनी 1918 मध्ये सिनेटसाठी प्रयत्न केला, पण त्या हरल्या.

1940 मध्ये त्या पुन्हा निवडून आल्या. पर्ल हार्बरवरील हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी, 8 डिसेंबर 1941 रोजी, जपानविरुद्धच्या युद्धाच्या ठरावावर 388 विरुद्ध 1 असे मतदान झाले. ते एक मत त्यांचे होते. सभागृहाबाहेर जमाव अंगावर आल्यामुळे त्यांना टेलिफोनच्या खोक्यात आसरा घ्यावा लागला आणि तिथूनच फोन करून त्यांनी पोलिसांना बोलावले. ही किंमत मोजावी लागेल याची 1917 चा अनुभव गाठीशी असलेल्या रँकिन यांना पूर्ण कल्पना असणार, असे मला वाटते.

1942 मध्ये त्यांनी निवडणूक लढवली नाही. गांधीजींच्या विचारांच्या ओढीने पुढे त्या अनेकदा भारतात आल्या. जानेवारी 1968 मध्ये, वयाच्या 87 व्या वर्षी, व्हिएतनाम युद्धाविरुद्ध वॉशिंग्टनमध्ये निघालेल्या हजारो स्त्रियांच्या मोर्चाच्या अग्रभागी त्या चालत होत्या.