सांधा कुठे आहे ते ऐक

प्रिय,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हिप-हॉपवरचे तीन-चार माहितीपर पॉडकास्ट ऐकून झाले, कलाकारांचे वाद, खटले आणि मृत्यू तोंडपाठ झाले, तरी प्रत्यक्ष गाणे लावले की मन रमत नाही, असे तू लिहिले आहेस. ही तक्रार मला खरी वाटते. मात्र दोष तुझ्या कानांचा नसून ऐकण्याच्या क्रमाचा आहे. पॉडकास्ट आधी आणि गाणे नंतर ऐकले, की गाणे केवळ पुराव्यादाखल ऐकू येते. गोष्ट ठाऊक झालेली असते आणि ती कशी सांगितली आहे याची उत्सुकता उरत नाही. म्हणून ज्या भागात एखाद्या गाण्याची चर्चा आहे, तो लावण्यापूर्वी ते गाणे दोनदा ऐक, एकदा नुसते आणि एकदा शब्द समोर ठेवून. गोष्ट कोण सांगतो आहे आणि कोणाला सांगतो आहे, एवढेच वहीत टिपून ठेव. रॅपर, म्हणजे तालावर शब्द बोलत गाणारा, स्लिक रिक याचे १९८८ च्या अल्बममधले ‘चिल्ड्रन्स स्टोरी’ झोपताना मुलांना सांगायच्या गोष्टीच्या थाटात सुरू होते आणि बघता बघता पोलिसांनी केलेल्या पाठलागापर्यंत पोहोचते. मध्येच पात्रे बोलू लागतात, तेव्हा रिकचा आवाज बदलतो. तो बदल एखाद्या निवेदकाने दाखवून देण्याआधी तुझा तुला सापडला, तर त्याची गोडी वेगळी असते.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. हिप-हॉप ही मुळातच तोडण्याची आणि जोडण्याची कला आहे. न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स भागात, १५२० सेजविक अ‍ॅव्हेन्यू या इमारतीत ११ ऑगस्ट १९७३ रोजी झालेल्या ज्या पार्टीपासून या संगीताचा जन्म मोजतात, तिथे तबकड्या लावणारा डीजे कूल हर्क पुढे ओळखला गेला तो एका युक्तीमुळे: गाण्यातला गायन थांबून नुसता ताल उरतो तो तुकडा, म्हणजे ब्रेक, तो दोन टर्नटेबलांवर आलटून पालटून लांबवत असे. माहितीपर पॉडकास्टही असाच, तासन्‌तासांच्या मुलाखतींतून निवडलेल्या तुकड्यांचा बनतो. तेव्हा दोन्हीकडे सांधा कुठे आहे आणि तो कोणी घातला आहे, हे ऐकण्याची सवय लावून घे.

सांध्याने काय होऊ शकते, याचे सर्वांत बोचरे उदाहरण अमेरिकेच्या एनपीआर या सार्वजनिक रेडिओसंस्थेच्या ‘लाउडर दॅन अ रायट’ या पॉडकास्टमध्ये आहे. सिडनी मॅडन आणि रॉडनी कारमायकल यांनी २०२० साली केलेल्या त्याच्या पहिल्या पर्वाचा विषय हिप-हॉप आणि तुरुंगव्यवस्था यांचे नाते हा आहे. न्यू ऑर्लिन्सचा रॅपर मॅक फिप्स याची हकिगत त्यात विस्ताराने येते. लुइझियानातल्या एका क्लबमध्ये २००० साली झालेल्या गोळीबारात एक तरुण मारला गेला. मॅकने आपण निर्दोष असल्याचे सतत सांगितले, पण २००१ मध्ये त्याला सदोष मनुष्यवधासाठी ३० वर्षांची शिक्षा झाली. खटल्यात सरकारी वकिलांनी ज्यूरीपुढे त्याच्या गाण्यांतल्या ओळी ठेवल्या, आणि त्या दोन वेगवेगळ्या गाण्यांतून उचलून एकापुढे एक जोडल्या होत्या. त्यांतली बंदुकीच्या गोळीची ओळ मूळ गाण्यात मॅकच्या वडिलांविषयी होती, जे व्हिएतनाम युद्धात लढले होते. जोडल्यावर मात्र वडील नाहीसे झाले आणि उरली ती मुलाची धमकी. हे प्रकरण ऐकण्यापूर्वी ती दोन्ही गाणी स्वतंत्रपणे ऐक, आणि एका गाण्यातला ‘तो’ दुसऱ्या गाण्यात ‘मी’ कसा होऊ शकतो, ते स्वतः तपासून पाहा. रॅपमधला ‘मी’ नेहमी गायकच असतो असे धरून चालणाऱ्या श्रोत्याचीही चूक याच जातीची आहे, फक्त तिची शिक्षा कोणाला भोगावी लागत नाही.

सांधा नेहमी फसवाच असतो असे मात्र नाही. रॅपर केंड्रिक लमारच्या २०१५ च्या ‘टू पिंप अ बटरफ्लाय’ या अल्बमच्या शेवटी तो टुपाक या रॅपरशी बोलताना ऐकू येतो, आणि टुपाक तर १९९६ सालीच गेला होता. त्याची उत्तरे १९९४ साली एका स्वीडिश पत्रकाराने घेतलेल्या मुलाखतीतली आहेत. प्रश्न तेवढे केंड्रिकचे. कोल कुखना यांच्या ‘डिसेक्ट’ या पॉडकास्टचे पहिले पर्व संपूर्णपणे याच अल्बमवर, गाण्यागणिक उलगडत जाते. ते जरूर ऐक, पण थोडे सावधपणे: अशा बारीक वाचनात प्रत्येक ओळीला अर्थ चिकटवण्याचा मोह होतो, आणि रॅपमध्ये काही शब्द केवळ यमकासाठी आणि नादासाठीही आलेले असतात.

निवेदक कोण आहे, याचीही दखल घे. संगीत-व्यवस्थापक ख्रिस लायटी यांच्या आयुष्यावरचे ‘मोगल’ या पॉडकास्टचे पहिले पर्व २०१७ साली आले. त्याचे निवेदक रेजी ओसे, ज्यांना सारे कॉम्बॅट जॅक म्हणत, हे पूर्वी याच व्यवसायात वकील होते. परक्या पत्रकाराला न मिळणारी जवळीक त्यांच्या आवाजात आहे. जवळच्या माणसाकडून काही प्रश्न हळुवारपणे विचारले जातात आणि काही राहून जातात. ते कोणते, हा विचार ऐकताना चालू ठेव.

एक किरकोळ वाटणारी, पण माझ्या मते आवश्यक सवय म्हणजे भागाची तारीख पाहणे. टुपाक आणि नोटोरियस बी.आय.जी. या रॅपरांच्या हत्यांवरचे ‘स्लो बर्न’ या पॉडकास्टचे तिसरे पर्व २०१९ चे आहे; टुपाकच्या प्रकरणात एका संशयिताला अटक झाली ती २०२३ मध्ये. मॅक फिप्सही त्याच्यावरचे भाग आले तेव्हा तुरुंगात होता आणि २०२१ मध्ये सुटला. त्यामुळे निवेदकाने सांगितलेला शेवट आणि प्रत्यक्ष शेवट यांत अंतर पडले आहे, आणि जुने भाग ऐकताना ते तुझे तुलाच भरून काढावे लागेल.

या महिन्यात नवा पॉडकास्ट सुरू करू नकोस. केंड्रिकच्या अल्बमचे ते शेवटचे गाणे रात्री हेडफोन लावून ऐक आणि संभाषणात केंड्रिकच्या आवाजानंतर टुपाकचा आवाज येतो, तिथे खोली बदलल्यासारखे वाटते का, ध्वनीचा पोत वेगळा लागतो का, ते वहीत लिही. ते पान मला पाठव. माझेही लिहून ठेवलेले आहे, दोन्ही शेजारी ठेवून पाहू.

तुझ्या पत्राची वाट पाहतो.