विलग कोण, अलग कोण?

प्रश्न असा आला आहे: ‘एका घरात एकाची चाचणी पॉझिटिव्ह आली, दुसरा धडधाकट आहे. दोघांनाही घरातच वेगवेगळं राहायला सांगितलं. तर दोघंही क्वारंटाइनमध्ये आहेत असं म्हणायचं का? आणि मराठीत विलगीकरण म्हणायचं की अलगीकरण? की दोन्ही एकच?’

एकच नाहीत. ‘तो पॉझिटिव्ह निघाला म्हणून त्याला क्वारंटाइन केलं’ हे वाक्य २०२० च्या कोव्हिड साथीपासून कानावर पडतं आहे, शिकल्यासवरलेल्यांच्या तोंडून आणि बातम्यांमधूनही, आणि दर वेळी ते खटकतं. पॉझिटिव्ह निघालेल्या माणसाला क्वारंटाइन करताच येत नाही. ज्याला लागण झाल्याचं ठरलं आहे त्याला बाजूला काढणं म्हणजे आयसोलेशन. ज्याचा रोग्याशी संपर्क आला आहे, पण लागण झाली की नाही हे अजून ठाऊक नाही, अशा निरोगी दिसणाऱ्या माणसाला ठरावीक मुदतीपर्यंत लोकांपासून दूर ठेवणं म्हणजे क्वारंटाइन. पहिल्यात खात्री आहे, दुसऱ्यात शंका. पहिल्याला मराठीत विलगीकरण म्हणावं, दुसऱ्याला अलगीकरण. हीच वाटणी का, उलट का नाही, हे खाली सांगतो, कारण उलट वाटणी करणारेही पुष्कळ आहेत आणि ते चुकत आहेत.

क्वारंटाइन म्हणजे इटालियनमधले चाळीस दिवस, ही गोष्ट एव्हाना सगळ्यांना पाठ झाली आहे, ती सोडतो. एवढंच नोंदवतो की सुरुवात चाळीसने झालीच नव्हती. १३७७ साली रागुसा, म्हणजे क्रोएशियातलं आजचं दुब्रोवनिक, या बंदराने प्लेगच्या मुलखातून येणाऱ्यांना शहरात शिरण्याआधी तीस दिवस बाहेरच थांबवण्याचा नियम केला. तीसचे चाळीस नंतर झाले. आणि तो नियम आजाऱ्यांसाठी केलेला नव्हता. येणारा प्रत्येक जण, कितीही ठणठणीत असला तरी, त्यात येत होता. शब्दाचा जन्मच शंकितांसाठी झाला आहे. चाळीसचा आकडा घोकणारे नेमकी हीच गोष्ट विसरतात.

आता मुद्द्याकडे. अलग आणि विलग हे दोन्ही शब्द एका धातूपासून आले आहेत: लग्. चिकटणे, जडणे, स्पर्श करणे. संस्कृतात त्याचं भूतकाळवाचक रूप लग्न, म्हणजे चिकटलेलं. विवाहाचं लग्न तेच, पत्रिकेतलं लग्नही तेच, पूर्व क्षितिजाला त्या क्षणी जी रास लागलेली असते ती. अ + लग्न, त्याचं प्राकृतातून झालं अलग: न चिकटलेलं. आणि याच धातूचं मराठी लेकरू म्हणजे लागणे, ज्याच्याइतकं कष्टाळू क्रियापद मराठीत दुसरं क्वचितच असेल. भूक लागते, ठेच लागते, आग लागते, नाद लागतो, दृष्ट लागते. रोग लागतो. एकाचा दुसऱ्याला लागतो तो लागट रोग, आणि तसा तो लागला की झाली लागण. त्याचा छडा लागतो, तोही लागतोच. औषध लागू पडतं, तेही याच घरातलं. लगत, लगेच, लागोपाठ, सगळी सख्खी भावंडं. (लगाम मात्र यातला नव्हे, तो फारसी आहे. आणि लसही यातली नव्हे. लस म्हणजे मुळात फोडातून पाझरणारं पाणी. १७९६ मध्ये एडवर्ड जेन्नर या इंग्रज डॉक्टरने देवीवर उपाय म्हणून गाईंना होणाऱ्या गोस्तनदेवीच्या फोडातलं तेच द्रव्य वापरलं, म्हणून आपल्याकडे तो शब्द लसीला चपखल बसला.)

म्हणजे पाहा, रोग जडण्याचं नाव लागण आणि त्याला रोखण्याच्या दोन्ही उपायांची नावं अलग नि विलग, तिन्ही एकाच मुळापासून निघाली आहेत. जे लागतं त्याला लागू द्यायचं नाही, किंवा लागलेल्याला सोडवून बाजूला करायचं. साथरोगशास्त्राचा गाभा मराठीने एका धातूत बसवून ठेवला आहे. इंग्रजीतल्या कन्टेजनमध्येही स्पर्शाचा लॅटिन धातू आहे, पण क्वारंटाइनमध्ये नुसता आकडा आणि आयसोलेशनमध्ये बेट. तीन शब्दांची तोंडं तीन दिशांना.

अजून पुढे जातो, कारण लागण या शब्दाचा दुसरा अर्थ मला यापेक्षाही महत्त्वाचा वाटतो. शेतात ऊस लावतात त्यालाही लागणच म्हणतात. कांडी मातीत पडली, तिला डोळा आहे, ती फुटेल, पण अजून वर काही दिसत नाही. ही अवस्था म्हणजे लागण. १५४६ मध्ये व्हेरोनाच्या जिरोलामो फ्राकास्तोरो या वैद्याने संसर्गावर ग्रंथ लिहिला, त्यात त्याने रोग ‘बीजां’मुळे पसरतात असं मांडलं, आणि ही बीजं तीन वाटांनी जातात असंही सांगितलं: थेट स्पर्शाने, कपड्यालत्त्यांसारख्या वस्तूंमधून आणि दुरूनही. सूक्ष्मदर्शकाची सोय नसताना त्याने हे लिहिलं. त्याने ज्या कल्पनेसाठी लॅटिनमध्ये बीज हा शब्द वापरला, ती मराठीच्या लागण या एका शब्दात आपोआप येते: चिकटणं आणि पेरणं, दोन्ही. म्हणून इन्फेक्शनला लागण हाच प्रतिशब्द हवा, आणि रोगाशी त्याची गल्लत नको. पेरलेलं प्रत्येक बी उगवत नाही. लागण झालेला प्रत्येक माणूस आजारी पडत नाही.

या कारणाने मला ‘बाधित’ हा बातम्यांमधला लाडका शब्दही पसंत नाही. बाध् म्हणजे पीडा देणे. ज्याला लागण झाली पण पीडा काहीच नाही, साधा तापही नाही, तो बाधित कसा? त्याला बाधित म्हटलं की ऐकणारा गृहीत धरतो की बाधा दिसेल, आणि दिसली नाही की निर्धास्त होतो. कोव्हिडमध्ये नेमका हाच घोटाळा झाला. लक्षणं दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून माणूस विषाणू पसरवू शकत होता, आणि काहींना तर लक्षणं आलीच नाहीत.

इथे शब्दाचा फरक थेट शास्त्राला भिडतो. २००३ ची सार्स या श्वसनाच्या आजाराची साथ घ्या. आठ हजारांवर लोकांना ती झाली, सुमारे पावणेआठशे गेले, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये ती आटोक्यात आली. लस नव्हती, खात्रीचं औषध नव्हतं. जमलं ते यामुळे की सार्सचा रोगी सर्वाधिक संसर्ग पसरवतो तो आजार चांगला अंगावर आल्यानंतर, साधारण दुसऱ्या आठवड्यात. ताप दिसला की माणूस बाजूला काढायला वेळ मिळत होता, म्हणून विलगीकरणाचं पारडं जड राहिलं. कोव्हिडमध्ये तेवढ्याने भागलं नाही, कारण विलग करायला माणूस सापडेपर्यंत त्याने पुढच्यांना लागण दिलेली असायची. म्हणून निरोगी दिसणाऱ्या संपर्कातल्यांना अलग ठेवावं लागलं. गोवर याहूनही अवघड: पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासूनच तो पसरतो, म्हणून तिथे लसीवाचून गत नाही. इबोलाचं उलट आहे, लक्षणं येईपर्यंत रोगी तो पसरवत नाही. तिथे संपर्कातल्या माणसांवर २१ दिवस लक्ष ठेवतात आणि लक्षण दिसलं की तत्काळ विलग करतात.

दिवस मोजण्यातही हाच फरक आहे, आणि घरोघरी गोंधळ झाला तो इथे. अलगीकरणाची मुदत ठरते रोगाच्या परिपाककाळावरून, म्हणजे लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत जास्तीत जास्त किती दिवस जाऊ शकतात त्यावरून, आणि ती मोजायची शेवटच्या संपर्काच्या दिवसापासून. कोव्हिडच्या मूळ विषाणूचा हा काळ सरासरी पाचएक दिवसांचा, पण लांबला तर दोन आठवड्यांपर्यंत, म्हणून तेव्हा १४ दिवस ठरले. विलगीकरणाची मुदत ठरते माणूस किती दिवस संसर्ग पसरवू शकतो त्यावरून, आणि ती मोजायची लक्षणं सुरू झाल्यापासून किंवा चाचणीपासून. दोन घड्याळं वेगळी, ती सुरू होतात वेगळ्या क्षणी. दोघांनाही क्वारंटाइन म्हणून मोकळं झालं की कोणाचे दिवस कुठून मोजायचे हेच कळेनासं होतं.

आता आक्षेपांकडे. एका पंडिती टिपणात विलग हा ‘वि + अलग’ असा फोडलेला पाहिला. हे व्याकरणाला धरून नाही. इ पुढे अ आला की य होतो. वि + अलग याचं व्यलग होईल, जसं वि + अर्थ याचं व्यर्थ होतं. विलग म्हणजे वि + लग, सुटून बाजूला झालेलं. दुसरा आक्षेप संस्कृतवाल्यांचा: संस्कृतात विलग्न म्हणजे चिकटलेलं, लोंबणारं, मग मराठीत विलग म्हणजे सुटलेलं कसं? संस्कृतात वि उपसर्ग दोन्ही कामं करतो, कधी दूर नेतो, कधी अर्थाला जोर देतो. विलग्नमध्ये त्याने जोर दिला, मराठी विलगमध्ये दूर नेलं. मराठी शब्दाचा अर्थ मराठी वापर ठरवतो. संस्कृत कोश उघडून मराठी माणसाला त्याच्या शब्दाचा अर्थ शिकवणं ही उलटी गंगा आहे.

तिसरा आक्षेप खरा महत्त्वाचा, कारण काही याद्यांमध्ये क्वारंटाइनला विलगीकरण आणि आयसोलेशनला अलगीकरण असं छापलं गेलं. याला व्युत्पत्तीचा काडीचा आधार नाही. विलग होतं ते आधी लागलेलं असतं; ज्याला रोग लागला आहे त्याला समूहापासून सोडवून काढायचं, म्हणून तो विलग. अलग म्हणजे न लागलेला. ज्याला रोग लागला नसावा अशी आशा आहे आणि लागू नये, निदान त्याच्याकडून पुढे लागू नये अशी खबरदारी आहे, तो अलग. ‘अ’मध्ये नकार आहे, ‘वि’मध्ये वियोग आहे. ‘संगरोध’ असाही शब्द सुचवला जातो. रचना चांगली आहे, पण तो निरोगी आणि लागण झालेला यांत फरक करत नाही, तेव्हा मूळ अडचण तशीच राहते.

ही वाटणी कसाला लावून पाहायची तर मेरी मॅलनचं उदाहरण घ्या. ही स्वयंपाकीण न्यूयॉर्कमध्ये घरोघरी काम करायची आणि तिच्यामागोमाग विषमज्वर, म्हणजे टायफॉइड, यायचा. ती स्वतः ठणठणीत. १९०७ मध्ये तिला नॉर्थ ब्रदर बेटावर ठेवलं, १९१० मध्ये सोडलं, १९१५ मध्ये ती पुन्हा स्वयंपाक करताना सापडली आणि १९३८ मध्ये मरेपर्यंत त्याच बेटावर राहिली. तिच्याबद्दल लिहिणारे सर्रास ‘क्वारंटाइन’ लिहितात, कारण ती आजारी दिसत नव्हती. पण तिच्या शरीरात जंतू आहेत हे तपासणीत सिद्ध झालं होतं. शंका उरली नव्हती. लागण होती, बाधा नव्हती. म्हणून ते विलगीकरण, आणि परिपाककाळाची मुदत तिला लागू पडत नव्हती म्हणूनच ते इतकं लांबलं. एका बाईची सव्वीसएक वर्षं त्यात गेली, हे योग्य झालं की नाही यावर आजही वाद घालता येईल. पण वाद घालताना कशाबद्दल बोलतो आहोत ते तरी नीट म्हणावं.

तुमच्या प्रश्नातल्या घरापुरतं: पॉझिटिव्ह आलेला विलगीकरणात, धडधाकट असलेला अलगीकरणात. धडधाकट असलेला उद्या पॉझिटिव्ह निघाला तर त्याचं अलगीकरण संपलं आणि विलगीकरण सुरू झालं. त्याचे दिवस नव्याने मोजायचे.

जाता जाता लेखनाचं. ‘विलगिकरण’, ‘अलगिकरण’ असं ऱ्हस्व लिहिलेलं फलकांवर दिसतं, ते चूक आहे. जे तसं नव्हतं ते तसं करणे या अर्थाने इथे संस्कृतातला च्वि प्रत्यय येतो आणि त्याने आधीच्या अ-चा दीर्घ ई होतो: शुद्धीकरण, सुलभीकरण, तसंच विलगीकरण. अलग हा तद्भव शब्द, म्हणजे संस्कृतातून बदलत आलेला, त्याला संस्कृत प्रत्यय कसा चालेल, असं विचारणाऱ्यांनी शहरीकरण आणि खासगीकरण हे शब्द आधी हद्दपार करून दाखवावेत. तिथे तर मूळ शब्दही संस्कृतातून आलेले नाहीत.