खुर्ची माझी, शब्द दुसऱ्याचा

प्रश्न : आठ महिन्यांपूर्वी मी एका संस्थेत विभागप्रमुख म्हणून रुजू झालो. बैठकीत माझ्या प्रस्तावांना सगळे माना डोलावतात, इतिवृत्तात तशी नोंद होते आणि पुढे काहीच हालत नाही. याउलट, माझ्याहून तीन पायऱ्या खाली असलेले भांडारातील एक जुने कर्मचारी ‘बघतो’ म्हणाले की तेच काम दोन दिवसांत मार्गी लागते. त्यांची बदली करावी, की त्यांच्याशी जुळवून घ्यावे?

उत्तर : बदलीचा कागद तूर्त बाजूला ठेवावा. तुमचा त्रागा समजण्याजोगा आहे. परंतु ही सत्ता त्या गृहस्थांच्या स्वभावात आहे की ते बसतात त्या जागेत, हे ठरल्याशिवाय केलेली बदली फक्त माणूस बदलेल. जागा तशीच राहिली, तर वर्षभरात नवा माणूसही ‘बघतो’ म्हणू लागेल.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मिशेल क्रोझिए यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तेथील सरकारी तंबाखू कारखान्यांचे चित्र आहे. तिथे भरती, ज्येष्ठता, वेतन, रोजचे उत्पादन अशा सगळ्याच गोष्टी नियमांनी इतक्या घट्ट बांधलेल्या होत्या की कुणाच्या मर्जीला वावच उरला नव्हता. अनिश्चित अशी एकच गोष्ट होती, ती म्हणजे यंत्र बंद पडणे, आणि ते दुरुस्त करण्याचे ज्ञान केवळ देखभाल कामगारांकडे होते. यंत्रांची माहितीपत्रके कारखान्यात मिळेनाशी झाली होती. जो तो स्वतःच्या हाताच्या अंदाजाने यंत्र लावत असे आणि इतरांना त्याला हात लावू देत नसे. पदांच्या तक्त्यावर खाली असलेल्या या माणसांपुढे पर्यवेक्षकांचेही काही चालत नसे. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रिचर्ड एमर्सन यांनी १९६२ मध्ये हीच गोष्ट नेमकेपणाने मांडली होती : एखाद्याची आपल्यावरील सत्ता म्हणजे आपले त्याच्यावरील अवलंबित्व.

म्हणून तुमच्या विभागातील ‘बंद पडणारे यंत्र’ कोणते, ते शोधा. कोणता माल कुठे पडून आहे, कोणता पुरवठादार शब्दाला जागतो, नियमाला कुठे आणि किती मुरड घालता येते, हे बहुधा त्या एकाच डोक्यात असावे. महिनाभर एका वहीत एवढेच टिपून ठेवा, की काम अडले तेव्हा लोक प्रथम कुणाकडे गेले आणि काय मागायला गेले. ही वही कार्यालयात ठेवू नये, हे सांगायला नकोच.

आता माना डोलावण्याविषयी. त्याचा सगळा दोष भांडारावर टाकू नका. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९३१-३२ मध्ये चौदा कामगारांच्या एका गटाचे निरीक्षण झाले. गटाने जास्त काम केल्यास जास्त पैसे मिळत, तरीही दिवसाला किती काम करायचे याची मर्यादा त्यांनी आपसांत ठरवून घेतली होती, आणि ती ओलांडणाऱ्याला सोबत्यांचे टोमणे, प्रसंगी दंडावर गुद्देही, खावे लागत. जास्त काम दिसले तर दर कापले जातील किंवा माणसे कमी होतील, अशी धास्ती त्यामागे होती. तुमच्या प्रस्तावांमुळे कुणाचे काय जाणार आहे, हा प्रश्न बैठकीत कधी निघाला होता का? पीटर बॅक्रॅक आणि मॉर्टन बॅरॅट्झ या अमेरिकी अभ्यासकांनी १९६२ मध्येच दाखवून दिले होते, की गैरसोयीचा विषय चर्चेला येऊच न देणे हीदेखील सत्ताच असते. तुमच्या बैठकीत ती सत्ता कदाचित तुम्हीच, नकळत, वापरत असाल. साहेबांसमोर ‘हे जमणार नाही’ म्हणण्याची सोय नसली की लोक ‘हो’ म्हणून मोकळे होतात.

त्या गृहस्थांशी बोलताना प्रथम त्यांच्या जाणकारीची जाहीर दखल घ्या, आणि मगच, त्यांच्याच देखरेखीखाली, दोन सहकाऱ्यांना ते काम शिकवण्याची व्यवस्था लावा. त्यांना ते आवडेलच असे नाही, कारण तुम्ही त्यांच्याकडून माहिती नव्हे, महत्त्व मागत आहात. त्याच्या बदल्यात काही देण्यासारखे (पद, भत्ता, खरेदीच्या निर्णयात अधिकृत स्थान) तुमच्या हातात आहे का, हे बोलणी सुरू करण्यापूर्वीच वरिष्ठांकडून पक्के करून घ्या.