इंग्रजीच्या पेपरातले कापलेले गुण

प्रश्न : माझी मुलगी मराठी माध्यमाच्या शाळेत नववीत शिकते. आठवीपर्यंत तिला इंग्रजीत अ-2 श्रेणी मिळत असे. यंदा इंग्रजीला नवे सर आले आणि प्रथम सत्र परीक्षेत तिला 80 पैकी 46 गुण मिळाले. ओपन डेला पेपर पाहिला, तेव्हा पत्रलेखनाला 5 पैकी 2 गुण होते आणि बाजूला नुसता लाल गोल होता. तिच्या मैत्रिणीला जवळजवळ तशाच पत्राला 4 गुण मिळाले आहेत. आता मुलगी म्हणते, ‘मनाने लिहून उपयोग नाही, गाईडमधलेच पाठ करते.’ मी मुख्याध्यापिकांकडे लेखी तक्रार करावी का? की त्याने सर तिच्यावर राग धरतील? तिला इंग्रजीचा वेगळा क्लास लावावा का?
– एक आई, गोरेगाव

उत्तर : तुमच्या पत्रात दोन तक्रारी एकमेकींत मिसळल्या आहेत. सर कडक तपासतात ही एक, आणि सारख्याच उत्तराला वेगवेगळे गुण देतात ही दुसरी. सर्वांना एकाच कसोटीने कडक तपासले, तर मुलांना वाईट वाटते, पण त्यात कोणावर अन्याय होत नाही. दुसरी गोष्ट खरी असेल, तर ती विचारण्याचा मुलीला आणि तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

पहिल्या तक्रारीत सरांच्या वाट्याला न जाणारा एक भाग आहे. खालच्या वर्गांत लेखी परीक्षेबरोबर वर्गातले काम, तोंडी काम, प्रकल्प, स्वाध्याय या सगळ्यांचा विचार करून श्रेणी ठरते. अ-2 म्हणजे 81 ते 90 टक्के. नववीपासून मात्र दहावीच्या धर्तीवर 80 गुणांची लेखी कृतिपत्रिका, म्हणजे प्रश्नपत्रिका, समोर येते आणि उताऱ्यावरच्या, व्याकरणाच्या, लेखनकौशल्याच्या प्रत्येक उत्तराचे गुण सुटे मोजले जातात. त्यामुळे तीच मुलगी, तेवढीच तयारी करूनही, नववीच्या पहिल्या परीक्षेत खाली आलेली दिसू शकते. तुमच्या मुलीला हे समजावून सांगायला हवे, कारण आपले इंग्रजी एकाएकी बिघडले असे तिने मनाशी धरले आहे.

दुसरी तक्रार जुनी आहे आणि ती केवळ आपल्या शाळांची नाही. अमेरिकेत 1912 मध्ये स्टार्च आणि एलियट या दोन अभ्यासकांनी माध्यमिक शाळेतल्या विद्यार्थ्यांच्या इंग्रजीच्या उत्तरपत्रिका शंभराहून अधिक शिक्षकांकडून तपासून घेतल्या, तेव्हा एकाच उत्तरपत्रिकेला कोणी 100 पैकी 64, तर कोणी 98 गुण दिले. पुढच्या वर्षी त्यांनी भूमितीची उत्तरपत्रिका पाठवली आणि तिच्यातली तफावत याहूनही मोठी निघाली, म्हणजे दोष एकट्या भाषाविषयांचा नव्हता. एकच शिक्षक तपासत असला, तरी उत्तम पेपरानंतर हातात आलेला साधारण पेपर अधिक कमजोर वाटतो, सुवाच्य अक्षराचा नकळत परिणाम होतो आणि विद्यार्थ्याचे नाव पाहताच त्याच्याविषयीचे मत तपासण्यात उतरते. म्हणून केवळ एका पत्राच्या गुणांवरून सरांचा मुलीवर राग आहे असा निष्कर्ष मी काढणार नाही, आणि तुम्हीही काढू नये. मात्र नुसता लाल गोल काढून उत्तर परत देणे मला मान्य नाही. दोन गुण का मिळाले, हे ज्या पेपरावरून कळत नाही, त्या पेपरावरून मूल काहीच शिकत नाही.

तेव्हा सुरुवात मुलीनेच करावी. दोन तासांच्या मधल्या घाईत नव्हे, तर सरांना वेळ विचारून, पेपर हातात घेऊन तिने जावे आणि ‘गुण का कापले?’ असे न विचारता ‘सर, या पत्रात काय राहिले?’ असे विचारावे. पत्रात मांडणी, मजकूर आणि भाषा या तिन्ही गोष्टी पाहिल्या जातात. कृतिपत्रिकेत दिलेले मुद्दे तिने घेतले नसतील किंवा औपचारिक पत्रात घरगुती सूर आला असेल, तर मैत्रिणीचे पत्र वरवर सारखे दिसूनही जास्त गुणांचे ठरू शकते. तेच पत्र पुन्हा लिहून ‘आता किती मिळतील?’ असेही तिने विचारावे. मैत्रिणीचा पेपर मात्र सोबत नेऊ नये. त्यातून मुलीचे गुण वाढण्याऐवजी मैत्रिणीचे कमी होण्याची शक्यता असते आणि वर्गातली मैत्री विनाकारण दुखावते.

एवढे करूनही उत्तर मिळाले नाही, तर वर्गशिक्षिका, मग पर्यवेक्षिका आणि त्यानंतर मुख्याध्यापिका, या क्रमाने तुम्ही स्वतः भेटा. लेखी अर्ज जरूर द्या, पण त्यात गुण वाढवून मागू नका. द्वितीय सत्र परीक्षेआधी लेखनकौशल्याच्या प्रत्येक प्रश्नाचे गुण कशाकशाला दिले जातात ते वर्गात सांगावे, आणि कापलेल्या गुणांशेजारी एका ओळीचा तरी शेरा असावा, एवढेच मागा. अशी मागणी सगळ्या वर्गाच्या हिताची असते, त्यामुळे राग एकट्या मुलीवर येण्याचे कारण उरत नाही. पालक-शिक्षक संघात हा विषय काढता आला तर फारच चांगले. दोन तुकड्यांच्या शिक्षकांनी काही पेपर आपसात बदलून तपासावेत आणि पूर्ण गठ्ठ्यातला एकच प्रश्न आधी संपवून मग पुढचा घ्यावा, हे शाळेला पैसा खर्च न करता जमण्यासारखे आहे. एकेका शिक्षकाकडे तपासायला किती पेपर येतात, याचीही जाणीव बोलताना ठेवा.

गाईडमधले पाठ करण्याला माझा स्पष्ट विरोध आहे. कृतिपत्रिकेत जाहिरात किंवा मुद्दे देऊन त्यांवर पत्र मागितलेले असते. पाठ केलेल्या पत्रात ते बसत नाहीत आणि मजकुराचे गुण जातात. मनाने लिहिण्याची जी सवय तिला आहे, ती पुढे महाविद्यालयातही लागणार आहे. क्लास सध्या नको. आधी नेमके काय चुकते ते कळू द्या.

नववीचे गुण एरवी दहावीच्या निकालात धरले जात नाहीत. कोरोनामुळे परीक्षा रद्द झाली, त्या 2021 च्या निकालात ते धरले गेले होते आणि पालकांच्या मनातली धास्ती तेव्हापासूनची आहे. दहावीत शंका आली, तर मंडळाच्या गुणपडताळणीत केवळ बेरीज आणि तपासायचे राहून गेलेले उत्तर पाहिले जाते. पुनर्मूल्यांकन हवे असेल, तर आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवावी लागते आणि ती मिळाल्यापासून कामकाजाच्या 5 दिवसांत अर्ज करावा लागतो. छायाप्रत आली, की ती त्याच विषयाच्या शिक्षकांना दाखवून मगच पुढचे ठरवावे.