‘हार्ड डिस्क दाखवत नाही’ म्हणजे नेमकं कुठं दाखवत नाही?

या महिन्यात आलेल्या प्रश्नांपैकी निम्मे एकाच ओळीचे होते: ‘सर, हार्ड डिस्क दाखवत नाही, काय करू?’ कुठं दाखवत नाही, हे मात्र कुणी लिहीत नाही. बायोसमध्येच (विंडोजच्या आधी चालू होणारा मदरबोर्डवरचा मूळ प्रोग्राम) दिसत नसेल तर दुखणं केबलचं, विजेचं नाहीतर खुद्द डिस्कचं. बायोसमध्ये दिसते आणि विंडोजमध्ये दिसत नसेल तर दुखणं बहुधा पार्टिशनचं (डिस्कच्या विभागणीचं) किंवा फाइल सिस्टिमचं (फाइल कुठं आहेत त्या नोंदींचं). संगणक चालू करताना डिलीट किंवा एफ२ दाबत राहा, बहुतेक संगणकांत बायोस उघडेल. तिथल्या यादीत डिस्कचं नाव आहे का बघा आणि मग लिहा. यावेळी काहींनी तेवढं पाहून लिहिलंय, त्यांना आधी उत्तरं देतो.

दिवाळीच्या साफसफाईत कॅबिनेट उघडून धूळ काढली. तेव्हापासून बायोसमध्येही डिस्क नाही. (विश्रामबाग)

केबल सैल झालीय. प्लग काढा, डेटा आणि पॉवर दोन्ही केबल दोन्ही टोकांना घट्ट बसवा. नाही जमलं तर मदरबोर्डवरचं पोर्ट बदला, मग केबल बदला. त्यानंतरही नाही आली तर कॅबिनेट घेऊन जवळच्या तंत्रज्ञाकडं जा.

नवी ४ टीबीची डिस्क आणली. बायोसमध्ये आहे, ‘धिस पीसी’त नाही. दुकानदार म्हणतो विंडोज खराब. (विटा)

विंडोज ठणठणीत आहे, दुकानदाराला कंटाळा आलाय. कोरी डिस्क आधी ‘डिस्क मॅनेजमेंट’मध्ये जाऊन इनिशियलाइज (वापरासाठी तयार) करावी लागते. तिथं विभागणीची नोंद ठेवायच्या दोन पद्धती विचारतात, त्यातली जीपीटी निवडा, कारण दुसरी, एमबीआर, २ टीबीच्या पुढची जागा वापरू देत नाही. मग फॉरमॅट करा. ३.६३ टीबी दिसली तर भांडायला जाऊ नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या.

हे सगळं फक्त कोऱ्या डिस्कसाठी. भरलेली जुनी डिस्क लावल्यावर विंडोजनं ‘इनिशियलाइज करू का’ किंवा ‘फॉरमॅट करू का’ विचारलं, तर ‘कॅन्सल’ दाबा आणि डिस्क काढून ठेवा. डेटा बहुतेक वेळा जागेवर असतो. त्याच्यावर पाणी ओततो आपण, घाईनं ‘ओके’ दाबून.

वडिलांच्या घरच्या गाण्याच्या बैठकींची वीस वर्षांची रेकॉर्डिंग एका डिस्कवर आहेत. आठवड्यापासून ती टक-टक वाजते, कधी दिसते, कधी नाही. शेजाऱ्यांनी रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवायला सांगितलं. भावानं दोनदा ‘चेक डिस्क’ चालवलं. आता अजिबात दिसत नाही. (मिरज)

ताई, आधी वायर काढा. पुढचं नंतर वाचा.

डिस्कच्या आत तबकडी मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० वेळा फिरते आणि तिच्यावर वाचणारं हेड काही नॅनोमीटर अंतरावर तरंगतं. आपला केस त्या फटीच्या हजारो पट जाड. टक-टक म्हणजे हेडला तबकडीवरच्या खुणा सापडत नाहीत, म्हणून ते मागं जातं आणि पुन्हा प्रयत्न करतं. हेड वाकलं असेल तर असा प्रत्येक प्रयत्न तबकडीवरचा थर खरवडू शकतो. खरवडलेल्या भागातलं गाणं जगातला कुठलाही तज्ज्ञ परत आणू शकत नाही. ‘कधी दिसते, कधी नाही’ हा जो आठवडा गेला, तोच मोलाचा होता. पहिल्या टक-टकीला डिस्क बंद केली असती तर काम बरंच सोपं झालं असतं.

फ्रीजरचं हे खूळ कुठून आलं मला ठाऊक आहे. जुन्या काळच्या काही अडकलेल्या डिस्क गार केल्यावर थोडा वेळ चालायच्या. एकाची चालली की गावभर होतं. आज गार डिस्क बाहेर काढलीत की आत दव धरतं आणि त्या दवातून हेड फिरतं. तासगावचा बेदाणा कोल्ड स्टोरेजला ठेवतात, हार्ड डिस्क नाही.

‘चेक डिस्क’चं तर मला जास्त वाईट वाटतं, कारण ते सुशिक्षित माणसं करतात. ते फाइल सिस्टिमची नोंदवही दुरुस्त करतं, यंत्र नाही. मरणाऱ्या डिस्कला ते तासन्‌तास राबवतं आणि वाचता न आलेल्या नोंदी कापून टाकतं. वर कुणीतरी ‘तशीच दुसरी डिस्क आणून खालचं सर्किट बदला’ असंही सांगेल. आजच्या बहुतेक डिस्कच्या सर्किटवरच्या चिपमध्ये त्याच डिस्कची मापं लिहिलेली असतात. ती चिप हलवल्याशिवाय नुसता बोर्ड बदलून काही होत नाही. आणि टक-टक सहसा बोर्डाची नसते.

मी शिकाऊ असताना एका वकिलांची टकटकणारी डिस्क ‘अजून एकदा बघू’ म्हणत अकरा वेळा चालू केली होती. बाराव्यांदा ती फिरलीच नाही. त्यांनी मला एक शब्द बोलून दाखवला नाही, म्हणून ते अजून लक्षात आहे.

तुमच्या डिस्कचं काम क्लीन रूममध्येच, म्हणजे धूळ नसलेल्या खास खोलीतच होईल. माझ्यासारख्याच्या दुकानात नाही, पुण्या-मुंबईच्या डेटा रिकव्हरी लॅबमध्ये. आधी तपासणी आणि लेखी अंदाज मागा. टेबलावर झाकण उघडून दाखवणारा भेटला तर डिस्क उचला आणि निघा. पाठवताना अँटीस्टॅटिक पिशवी, भोवती जाड फोम. शंका असेल तर पाठवण्याआधी मला फोटो पाठवा. चालू करून व्हिडिओ पाठवू नका!

ऑनलाइन १६ टीबीची एक्सटर्नल एसएसडी दोन हजारांत मिळाली. संगणकात १६ टीबीच दिसते, पण जुन्या फाइल उघडत नाहीत. (मार्केट यार्ड)

दोन हजारांत १६ टीबी! हळदीच्या सौद्यात पोतं फोडून माल बघता ना? अशा डब्यात बहुधा एक छोटं मेमरी कार्ड चिकटवलेलं असतं आणि त्याला खोटा आकार सांगायला शिकवलेलं असतं. खरी जागा संपली की पुढचं लिहिलेलं हरवतं, नाहीतर जुन्यावर बसतं. एच२टेस्टडब्ल्यू हे फुकटचं साधन जागा पूर्ण भरून पुन्हा वाचून बघतं, खोटं उघडं पडतं. पण ते रिकाम्या डिस्कवर चालवा, आणि जे उघडतंय ते त्याआधी दुसरीकडं घ्या. मग पैसे परत मागा.

याचाच दुसरा भाऊ म्हणजे ‘नवी’ म्हणून विकलेली जुनी डिस्क. क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्राममध्ये ‘पॉवर ऑन अवर्स’ (डिस्क किती तास चालली) बघा. वर्षाचे तास ८,७६०. नव्या डिस्कनं २०,००० दाखवले तर ती कुठंतरी सीसीटीव्हीच्या पेटीत दोन वर्षं राबून आलीय. हा आकडा शून्यही करता येतो, म्हणून कंपनीच्या संकेतस्थळावर सीरियल नंबर टाकून वॉरंटी तपासा. पक्कं बिल घ्या.

एम.२ एसएसडी बसवली, ती आली, पण जुनी साटा डिस्क गायब. (पलूस)

बऱ्याच मदरबोर्डांत एम.२ (थेट बोर्डावर बसणारी एसएसडी) वापरली की एखाददुसरं साटा पोर्ट (केबलनं डिस्क जोडायची जागा) बंद होतं. मॅन्युअल बघा, डिस्क दुसऱ्या पोर्टला लावा.

सीमॉस सेल बदलला. आता डिस्क बायोसमध्ये आहे, पण विंडोज निळी पडते. मेकॅनिक म्हणतो, फॉरमॅट मारून नवी टाकू. (आष्टा)

टाकू देऊ नका. सेल काढला की बायोसची सेटिंग्ज मुळावर जातात, त्यात साटाचा मोडही, म्हणजे डिस्कशी बोलायची पद्धतही, बदलू शकतो. एएचसीआय होता तिथं रेड किंवा आयडीई आला असेल. पूर्वीचा मोड लावा, विंडोज उठेल. निळ्या पडद्यावर बिटलॉकरची (विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप) ४८ आकडी किल्ली मागत असेल तर ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात शोधा. किल्ली सापडल्याशिवाय कुणालाही हात लावू देऊ नका, आधी मला विचारा.

एक्सटर्नल डिस्कचा दिवा लागतो, डिस्क येत नाही. (जत)

संगणकाच्या मागच्या यूएसबीला, आखूड केबलनं, मधे हब न ठेवता थेट लावून बघा.

२०१९ च्या महापुरात संगणक दोन दिवस पाण्यात होता. डिस्क तेव्हा काढून वाळवून कपाटात ठेवली. आता चालू करून बघावी म्हणतो. (सांगलीवाडी)

बघू नका. कृष्णेचं पाणी वाळलं तरी गाळ आत राहतो, आणि हेड त्याच्यावरूनच फिरणार. तेव्हा वाळवायलाच नको होती. भिजलेली डिस्क ओलीच हवाबंद पिशवीत घालून लगेच लॅबला द्यायची असते, म्हणजे गाळ चिकटून बसत नाही. ऊन नाही, हेअर ड्रायर नाही, तांदळाचा डबा नाही. इतकी वर्षं कपाटात गेल्यावर किती निघेल हे तपासल्याशिवाय कुणी सांगू नये, मीही सांगणार नाही. लॅबला देताना पुराचं पाणी होतं आणि नंतर एकदाही चालू केलेली नाही, ही दोन वाक्यं चिठ्ठीवर लिहून पाकिटावर चिकटवा.