जादा व्होल्टेजच्या कॉइलने इंजिनाची ताकद वाढते का?

प्रश्न : माझी पेट्रोल गाडी 80,000 किलोमीटर चालली असून अलीकडे चढावर तिचा पिकअप कमी पडतो. जादा व्होल्टेजची कॉइल, इरिडियमचे प्लग आणि नव्या प्लग वायर बसवल्यास ताकद वाढेल, असे मेकॅनिक म्हणतो. हा खर्च करावा का?

उत्तर : इतक्यात करू नये. इंजिनाची ताकद हवा आणि पेट्रोल यांच्या मिश्रणातून येते. ठिणगीने ते नेमक्या वेळी पेटवायचे असते. मिश्रण दर वेळी नीट पेटत असेल, तर ठिणगी जोरदार केल्याने काहीही वाढत नाही. कॉइल, म्हणजे बॅटरीचे व्होल्टेज वाढवून प्लगला देणारा भाग, 40,000 व्होल्टची असली, तरी प्लगच्या फटीतून ठिणगी उडायला 15,000 व्होल्ट पुरत असतील, तर व्होल्टेज तेवढ्यावरच थांबते.

तुमची तक्रार मात्र खरी असू शकते. चढावर ॲक्सिलरेटर दाबला की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि ठिणगीला अधिक व्होल्टेज लागते. त्यातच प्लग झिजून फट रुंदावली असेल, तर सपाट रस्त्यावर न जाणवणारे मिसफायर (मिश्रण न पेटणे) नेमके तिथे जाणवू लागते. म्हणून इंजिन थंड असताना सगळे प्लग काढून ओळीने ठेवा. टोकावरचा फिकट तपकिरी रंग चांगला. कोरडी काजळी असेल, तर मिश्रणात पेट्रोल जास्त आहे किंवा ठिणगी चुकते आहे. मधल्या इलेक्ट्रोडच्या कडा गोल झाल्या असतील, किंवा पांढऱ्या चिनी मातीवर बारीक काळी रेघ दिसत असेल, तर तो प्लग बदलाच. एअर फिल्टरही त्याच वेळी पाहून घ्यावा.

नवे प्लग इरिडियमचे घ्यायला माझी हरकत नाही, कारण हा धातू सुमारे 2,450 अंश सेल्सिअसला वितळतो आणि त्याचे बारीक टोक साध्या निकेलपेक्षा कितीतरी जास्त टिकते; पण तो फायदा टिकाऊपणाचा आहे, ताकदीचा नव्हे. हीट रेंज (प्लग उष्णता किती वेगाने बाहेर टाकतो ते) आणि फट गाडीच्या पुस्तिकेप्रमाणेच हवी. कॉइल आणि वायर तपासणीत सदोष ठरल्या, तरच बदलाव्यात.

कॉन्टॅक्ट पॉइंट (ठिणगीसाठी कॉइलचा प्रवाह तोडणारे यांत्रिक संपर्क) असलेल्या जुन्या गाड्यांची गोष्ट वेगळी आहे. पॉइंट झिजले की टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, सरकते, त्यामुळे तिथे इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवल्याचा फरक खरोखर जाणवतो. फक्त नवी कॉइल त्या इग्निशनच्या मॉड्यूलला (पॉइंटचे काम करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक भागाला) जुळणारी आहे ना, हे आधी पाहावे आणि बसवल्यावर टायमिंग लाइटने टायमिंग पुन्हा लावून घ्यावे. ते गरजेपेक्षा पुढे गेले, तर नॉकिंग (मिश्रण अवेळी स्फोटासारखे पेटणे) होऊन पिस्टनला इजा होते.